दोनशे अठरावी फाइल

६ जानेवारी, सोमवार

आजपासून मी पुन्हा नोकरदार. बायकोची, शैलाची, बदली कलकत्त्याला झाली तेव्हा बँकेच्या फॉर्मवर माझ्या नावापुढे 'अवलंबून' असं लिहिलं होतं. ते पद मी आठ महिने निष्ठेनं सांभाळलं. मराठे येऊ नयेत म्हणून या शहरानं ज्या टोकापासून खंदक खणायला घेतला, त्याच टोकाला, बागबाजारात, आम्ही भाड्यानं राहतो. घरमालक सज्जन आहेत, फक्त आमच्याकडच्या दाराला आतून तीन कड्या लावतात.

नोकरी अजेयनं दिली. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात ओळख झाली होती. अडतिसाव्या वर्षी एका छोट्या कंपनीचा प्रमुख, वागायला अतिशय गोड. मी पुण्यात एकवीस वर्षं पोथ्यांच्या सूची केल्या हे त्याला कळलं आणि त्याचे डोळे चमकले.

"काका, आमच्याकडे सहाशे चाळीस फायली आहेत आणि एकीलाही नाव नाही."

"नाव नाही म्हणजे?"

"म्हणजे आहे. टेस्ट एक. टेस्ट एक नवी. टेस्ट एक नवी खरी."

काम मला समजलं ते असं. ही मंडळी एक कंपायलर बनवतात. कंपायलर म्हणजे दुभाषी. माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम तो चिपच्या भाषेत उतरवतो. दुभाष्याचं जे अंग थेट चिपशी बोलतं त्याला बॅकएंड म्हणतात. ते बरोबर बोलतंय ना हे रोज तपासायला या फायली. प्रत्येकीत वर प्रश्न असतो, खाली अपेक्षित उत्तर. बोर्डावर चिप बसवलेली आहे, ती एकामागून एक फाइल चालवते. उत्तर जुळलं तर पडद्यावर हिरवी ओळ, नाही जुळलं तर लाल.

आणि चिप कशासाठी, तर एका पंपासाठी. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना थेंबाथेंबानं औषध देणारा पंप. ३१ तारखेला त्या पंपवाल्यांकडून तपासनीस येणार. त्यांनी मान्य केलं की फेब्रुवारीत चाळीस इस्पितळांत पंप लागतील.

"तोवर घर आवरलेलं दिसलं पाहिजे," अजेय म्हणाला. "नावं हवी ती ठेवा. फक्त नावाआधीच्या नंबरला हात लावू नका. पंपवाल्यांच्या यादीत तेच नंबर आहेत."

९ जानेवारी, गुरुवार

एस्प्लनेडच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर ऑफिस. जाळीच्या दाराची लिफ्ट. दहा जण काम करतात, दहाही जणांच्या कानात ते गाणी ऐकायचं यंत्र. मध्ये काचेची खोली, तिच्यात बोर्ड आणि पंप. त्या खोलीत कुणी जात नाही. मी विचारलं तर म्हणाले थंडी फार असते.

मला जी खुर्ची मिळाली ती मधुवंतीची. माझ्याआधी या फायली ती सांभाळायची. खुर्ची वर होत नाही, त्यामुळे टेबलाशी माझी हनुवटी येते आणि मी पाठशाळेत नव्यानं घातलेल्या मुलासारखा दिसतो. पाठीवर तिची शाल अजून आहे. तिच्याबद्दल विचारलं की माणसं एका कानातलं यंत्र काढतात, "जानि ना दादा", माहीत नाही, म्हणतात आणि परत घालतात. आवाज मात्र खाली येतो. तिशीतली मुलगी होती म्हणे. काय झालं असेल, विचारवलं नाही.

नियम ठरवले. नावावरून कळावं की फाइल काय विचारते. नावात माणसाचं नाव नको, 'नवी' नको, 'खरी' तर नकोच. चार कपाटं केली: अंकगणित, फेऱ्या, हाका, स्मृती. नावं इंग्रजी लिपीत लिहितो कारण यंत्राचा संस्कार तेवढाच झालेला आहे. पण प्रत्येक फाइल तपासली की तिच्या शेवटच्या टिपणीत 'इति' टाकतो. अजेय हसला. "काका, यंत्र टिपणी वाचत नाही." म्हटलं, पोथीही वाचत नव्हती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. ऑफिसात तिळगूळ नेला, अजेयनं दोन हातांनी घेतला. संध्याकाळी घरमालकांकडून पिठे आले, त्यांच्या संक्रांतीचे गोड पदार्थ. तीन कड्या काढून.

आज दोनशे अठरा क्रमांकाच्या फायलीनं थांबवलं. हिच्यात प्रश्नच नाही. चिपच्या पोटात सोळा खण असतात, त्यांना रजिस्टर म्हणतात. आकडे तिथे ठेवून हिशेब होतो. ही फाइल सातव्या खणात शून्य ठेवते आणि संपते. उत्तर 'काही नाही', आणि ते रोज बरोबर येतं. काही पोथ्यांत नुसतंच नमनाचं पान असतं, पुढे ग्रंथ नाही, तसं वाटलं. नाव दिलं: खण-सात-शून्य. पुढची दोनशे एकोणीस मात्र महत्त्वाची. बाळाचं वजन आणि औषधाची मात्रा घेते, मिनिटाला किती थेंब ते सांगते. उत्तर चार. हिरवी.

अठराच्या माथ्यावर लिहिलंय: लेखन मधुवंती, १२ डिसेंबर. पण ती ऑक्टोबरात गेली असं हजेरीची जुनी वही म्हणते. पोथ्यांत असे घोळ असतात. लेखनिक वारल्यावर चाळीस वर्षांनी लिहिलेल्या पोथ्या मी पाहिल्या आहेत. तिथे शिष्य गुरूचं नाव घालतो. इथे कुणी एवढा भक्तिमान असेल असं वाटलं नव्हतं.

१७ जानेवारी, शुक्रवार

हात शिवशिवले म्हणून आज एक उद्योग केला.

पाठशाळेत आम्हाला मंत्र सरळ पाठ झाला की गुरुजी जटा म्हणायला लावायचे. पहिला-दुसरा शब्द, दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा. मग दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा. सरळ म्हणताना जीभ मागच्या शब्दाच्या आधारानं पुढे घसरत जाते, आणि कुठे चुकलं ते कळत नाही. उलट म्हटलं की प्रत्येक शब्दाला स्वतःच्या पायांवर उभं राहावं लागतं. फायलींची नावं ज्या क्रमानं टंकावी त्या क्रमानं बोर्ड त्या चालवतो, हे अजेयनंच शिकवलं होतं. तेव्हा सकाळपासून जोड्या लावत बसलो. दोनशे सतरापर्यंत सगळ्या फायली उलटसुलट हिरव्या.

दोनशे अठरा, दोनशे एकोणीस: हिरवी, हिरवी.
दोनशे एकोणीस, दोनशे अठरा: लाल, हिरवी.

एकोणीसचं उत्तर चारऐवजी एकसष्ट.

पुन्हा केलं. सतरा. पुन्हा केलं. चार, आणि हिरवी. मला हायसं वाटलं, म्हणून आणखी एकदा केलं. दोनशे नऊ.

काचेच्या खोलीत जाऊन उभा राहिलो. बोर्डावरचा निळा दिवा प्रत्येक फायलीला एकदा लुकलुकतो. शेजारी पंप, रिकामा, त्याची नळी स्टीलच्या ग्लासात सोडलेली. हे आकडे कुठल्याच फायलीत नाहीत, मी सगळ्या फायली ओळीनं वाचल्या आहेत. विचारायच्या आधीच कुणीतरी येऊन खणात काहीतरी ठेवून जावं, आणि आपण जाऊन ते आपलंच म्हणून मोजावं, असं काहीतरी. उच्छिष्ट हा शब्द आठवला. ताटातलं. कुणाचं, ते कळत नव्हतं.

मागे अजेय येऊन उभा होता. केव्हापासून, कोण जाणे.

"एकटी चालवलीत?"

"उलटी चालवली."

"का पण?"

"सवय."

तो बोर्डाकडे बघत राहिला. "गरम झाला की असं करतो तो. क्रमानंच चालवायचं, काका."

तो गेल्यावर बोर्डाला बोट लावलं. गार होता. पण माझ्या बोटांचा काय भरवसा. त्या खोलीत सगळंच गार लागतं.

२० जानेवारी, सोमवार

अजेयनं मला संदेश आणून दिले, नलेन गुडाची, म्हणजे खजुरीच्या गुळाची, मिठाई. म्हणाला, यादीवर करणारा म्हणून तुमचं नाव जाईल, श्रेय पूर्ण तुमचं. यादी माझ्या नावानं चढवायची तर माझा पासवर्ड लागेल, तो मी कागदावर लिहून दिला. मी स्वतः तो दर वेळी विसरतो. आता दोघांपैकी एकाच्या तरी लक्षात राहील.

शैलाला थेंबांचं सांगितलं. ती भाजी निवडत होती.

"मिनिटाला चार हवेत आणि दोनशे पडले तर?"

"तसं पडत नाही. क्रमानं चालवलं की चारच येतात."

"इस्पितळात तुमचा क्रम कोण चालवणार?"

तिनं निवडलेली पानं पुन्हा निवडली.

२३ जानेवारी, गुरुवार

सुट्टी. गल्लीत सकाळपासून ध्वनिक्षेपक. एकोणीस डोक्यातून जात नाही. डोळे मिटले की तो निळा दिवा.

पोथीत शंका आली तर लेखनिकाला विचारायची सोय नसते, तो तीनशे वर्षांपूर्वी वारलेला असतो. मधुवंतीचंही तसंच काही झालं असावं, असंच मी धरून चाललो होतो. काल टेबलाच्या ड्रॉवरमध्ये तिच्या जुन्या ओळखपत्रावर नंबर मिळाला होता, तो आज घरून कारण नसताना फिरवला. फार वेळ वाजला. मग कुणीतरी उचलला आणि नुसतं ऐकत राहिलं.

"मी तुमच्या खुर्चीत बसतो," मी म्हणालो. याहून वाईट सुरुवात सुचली नसती.

पलीकडून आवाज आला, "ती खुर्ची अजून वरती नाही होत काय?"

२६ जानेवारी, रविवार

बजबजला जाऊन आलो. स्टेशनपासून तेलाच्या टाक्यांच्या भिंतीला लागून चालत गेलं की मधुवंतीचं घर. वडील ताग गिरणीत होते. मुलगी इथेच जन्मली, इथेच वाढली. मराठी घरातली, पण शब्द बंगाली पाण्यात भिजलेले. आता मुलांच्या शिकवण्या घेते. शाल परत दिली, तिनं ती मांडीवर ठेवली आणि घडी मोडली नाही.

"काका, नंबर मीच लावले. पण दोनशे अठरा तर खाली होता."

"खाली?"

"रिकामा. एक फाइल काढून टाकली होती, नंबर तसाच ठेवला. सतराच्या नंतर डायरेक्ट एकोणीस. आणि एकोणीस लाल होती. रोज लाल. कंपायलर सातवा रजिस्टर साफ न करता त्याच्यात बेरीज करतो. आधी जे पडलंय त्याच्यावर. मी अजेयदाला लिहून दिलं, हे ठीक केल्याशिवाय पंपला द्यायचं नाही."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, तुझं काम संपलं." ती शालीच्या गोंड्यांशी खेळत होती. "आत्ता अठरामध्ये काय आहे?"

"सातव्या खणात शून्य ठेवते आणि गप्प बसते. वर तुमचं नाव आहे. डिसेंबरचं."

बाहेर मालगाडी जात होती, ती संपेपर्यंत आम्ही दोघं कपांकडे बघत होतो. कपातला चहा हलत होता.

"डिसेंबरमध्ये मी कुठे होते काय माहीत तुम्हाला? बाबांचं ऑपरेशन होतं. ह्याच खोलीत बसले होते पूर्ण महिना," ती म्हणाली. "काका, ती अठरा काढून बघा. एकोणीस परत लाल होईल."

परत येताना वाटलं, अजेयला हे कुणीतरी सांगायला हवं. बिचाऱ्याच्या ऑफिसात कुणीतरी हे चालवलंय आणि त्याला पत्ता नाही.

२७ जानेवारी, सोमवार

सांगितलं. अजेयनं शेवटपर्यंत ऐकलं.

"तुम्ही तिच्याकडे गेला होतात."

"लेखक हयात आहे म्हटल्यावर राहवलं नाही."

"बरं झालं मला सांगितलंत. अजून कुणाला सांगितलंत का?"

"शैलाला."

"काढून टाका अठरा," तो म्हणाला. "बघू."

त्याच्यासमोर काढली. सगळ्या फायली क्रमानं चालवल्या. दोनशे सतरा हिरवी, दोनशे एकोणीस लाल. त्रेचाळीस. अजेयनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, तुम्ही नसतात तर काय झालं असतं. दुरुस्तीला आज बसतो म्हणाला. घरी चालत आलो, बरंच अंतर, पण पाय हलके होते.

२९ जानेवारी, बुधवार

काल ऑफिस बंद ठेवलं होतं, वायरिंगचं काम. आज गेलो. सहाशे चाळीस, सगळ्या हिरव्या.

मला वाटलं, दुरुस्ती झाली. मग मोजलं. मी एक काढली होती. सहाशे एकोणचाळीस हव्या होत्या.

दोनशे अठरा जागेवर आहे. आता स्मृतीच्या कपाटात, जिथे मी ठेवली असती तिथेच. नाव: खण-सात-पूर्वसिद्धता. हे नाव मी दिलेल्या नावापेक्षा चांगलं आहे. मला सुचलं असतं तर मी हेच ठेवलं असतं. शब्दांमध्ये माझ्यासारखी आडवी रेघ. माथ्यावर लिहिलंय: लेखन गुरुदत्त, २८ जानेवारी. म्हणजे मी. खाली अकरा ओळींचा प्रोग्रॅम, नीटस, एकही चूक नाही. आणि शेवटी, इति.

मी तासभर त्या इतिकडे बघत होतो. काल मी दिवसभर घरी होतो. दुपारी झोपलो होतो. झोपेत माणसं चालतात हे ऐकलंय. पण बागबाजारहून एस्प्लनेडला येऊन, बंद ऑफिसात शिरून, जी भाषा येत नाही तिच्यात अकरा ओळी लिहून परत जाऊन झोपतात, हे ऐकलेलं नाही. तरीही एक कोरी फाइल उघडली आणि तसं लिहून पाहिलं. पहिली ओळसुद्धा जमली नाही. हे बरं की वाईट, कळेना.

अजेय दारात होता.

"छान लिहिलीत," तो म्हणाला.

"मी नाही लिहिली."

"काका," तो इतक्या मायेनं म्हणाला की मलाच माझी शंका आली. "तुमचंच नाव आहे."

घरी शैलानं एकच विचारलं. "पासवर्ड कुणाला दिला होतात?"

"अजेयला. पण त्याचं काय?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, ताट पुढे केलं, म्हणाली, "काही नाही. शुक्रवारी मी ऑफिसखालच्या चहाच्या टपरीवर थांबते. फोन चालू ठेवा."

३१ जानेवारी, शुक्रवार

आजचं आज लिहून ठेवतो, उद्या मलाच खोटं वाटेल.

तपासनीस यामिनीबाई. पुण्याच्या, पन्नाशीच्या आसपास, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा. यादी पहिल्या पानापासून वाचली, नावांवर बोट फिरवत. "फार दिवसांनी वाचता येणारी यादी पाहिली," म्हणाल्या. मला लाजायला झालं. मग बोट थांबलं.

"ही दोनशे अठरा. ही काहीच तपासत नाही. कुणी लिहिली?"

"काकांनी," अजेय म्हणाला.

सगळ्यांनी कानातली यंत्रं काढली होती. इतकी शांतता त्या ऑफिसात मी ऐकली नव्हती. काचेपलीकडचा पंखा ऐकू येत होता.

"नाव माझं आहे," मी म्हणालो. "फाइल माझी नाही. मला प्रोग्रॅम लिहिता येत नाही."

"काका विनयानं बोलतात," अजेय म्हणाला. "सही त्यांचीच आहे बघा यादीवर."

सही होती. माझीच, वळणदार. ती मी कधी केली हे मला आठवत नाही, पण सोमवारपासून त्यानं बरेच कागद पुढे केले होते.

"बाई," मी म्हणालो, "लिहायला येत नसलं तरी मला म्हणायला येतं. उलट म्हणून दाखवू का?"

त्यांनी चष्मा लावला. जटेचं सगळं सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की दोनशे एकोणिसावी आधी घ्या. आणि पडद्यावर नको, पंप जोडून घ्या. अजेय म्हणाला वेळ नाही. बाई म्हणाल्या, भरपूर आहे, त्यांची गाडी सातची.

आम्ही सगळे काचेच्या खोलीत गेलो. पंपात पाणी भरलं. बाईंबरोबर आलेल्या माणसानं बोर्ड बंद करून पुन्हा चालू केला, मी नाव टंकलं. निळा दिवा एकदा लुकलुकला. पहिला थेंब ग्लासात पडला, टण्ण असा आवाज आला. चार थेंब पडायला मिनिट हवं होतं. बाईंनी घड्याळ वर धरलं होतं, पण पाचव्या थेंबाला त्यांचा हात खाली आला. मग टण्ण टण्ण राहिलंच नाही, ग्लासाचा तळ बुडाला आणि नुसता बारीक आवाज येत राहिला. मी मोजत होतो, लहानपणची खोड. शंभराच्या पुढे ओठ हलेनात.

कुणी बंद करेना. सगळ्यांना वाटत होतं ते दुसऱ्या कुणीतरी करायचं आहे.

"या फायलीत बाळाचं वजन किती धरलंय?" यामिनीबाईंनी विचारलं. प्रश्न कुणाला होता ते सांगितलं नाही.

"एक किलो शंभर ग्रॅम," अजेय म्हणाला. फाइल न बघता म्हणाला. ग्लासाकडे बघत होता. मग त्यानंच हात पुढे केला आणि बटण दाबलं. मग दोन्ही हात खिशात घातले. त्या खोलीत थंडी फार असते.

बटण दाबल्यावरही दोन थेंब पडले.